बाईंचं अक्षर

“बाई, तिला हात धरून का शिकवता? मला नव्हतं शिकवलं.”

आईनं मान वर केली नाही. व्हरांड्यातल्या सतरंजीवर ती द्वारकाच्या मागे गुडघे टेकून बसली होती. द्वारकाच्या मुठीत पेन्सिल आणि द्वारकाच्या मुठीवर आईची मूठ. दोघींचे हात मिळून पाटीवर एक ‘ग’ काढत होते.

“तुला गरज पडली नाही, एस्तेर,” ती म्हणाली. “पप्पांचे रिपोर्ट बघून बघून तू आपली आपण लिहायला लागलीस. गणित झालं?”

“झालं.”

“मग सामूचं बघ.”

सामू, माझा सहा वर्षांचा भाऊ, पाटी पोटाशी धरून बसला होता. “आई, माझा पण हात धर ना,” तो म्हणाला.

“इथे आई कोण आहे?” आईनं विचारलं.

सामूनं खरोखरच मागे वळून दाराकडे पाहिलं. “आत गेली असेल,” तो म्हणाला.

द्वारका खुदकन हसली. आईही हसली. मी सामूच्या पाटीवरची बेरीज थुंकी लावून पुसून टाकली आणि त्याला पुन्हा करायला लावली.

आमच्या घरची ही पद्धत होती. सकाळी नऊ वाजता आई ड्रेसिंगच्या जुन्या ट्रेवर चमच्यानं तीन ठोके द्यायची, आणि त्या तिसऱ्या ठोक्याला ती बाई व्हायची. मग तिला ‘अगं आई’ म्हणायचं नाही, पदर ओढायचा नाही, भूक लागली म्हणायचं नाही. हजेरी व्हायची. प्रार्थना, गीत, मग फळ्यावर त्या दिवसाचं बायबलमधलं वचन. फळा म्हणजे औषधांच्या खोक्याचं झाकण, काजळी आणि खळ फासून काळं केलेलं. बारा वाजता शेवटची प्रार्थना. त्या प्रार्थनेच्या आमेननंतर ती पुन्हा आई. मी तीन तास त्या आमेनची वाट बघत असे, आणि त्याबद्दल कुणाला कधी काही बोलले नाही.

पप्पा कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात लॅबमध्ये होते. नगरपासून बरंच आत, माळावर, मिशनचा दवाखाना. वॉर्ड, चार क्वार्टर्स, एक लहानसं चर्च आणि भोवती कडुनिंब. दोन मैलांवर गावची शाळा होती. मी सहा वर्षांची झाले तेव्हा पप्पा मला तिथे घेऊन गेले आणि तासाभरात परत घेऊन आले. दवाखान्यातली पोरं आमच्या पोरांत नकोत, असं त्यांना दारातच सांगितलं होतं. मग पप्पांनी नगरच्या बोर्डिंगचा फॉर्म आणला. आईनं तो चुलीवरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, “देवानं लेकरं माझ्या पदरात घातलीत. बोर्डिंगच्या नाही.” लग्नाआधी ती शाळेत शिकवत होती. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रे आणि चमचा शोधून काढला.

चार वर्षं त्या शाळेत मीच पहिली होते. आधी मी एकटीच होते, मग सामू आला, पण सामू काही मोजण्यात नव्हता. त्या जूनमध्ये द्वारका आली.

तिची आई गिरजा बायकांच्या वॉर्डात दाखल झाली होती. तिच्या गावात मुलीला ठेवून घ्यायला कुणी तयार झालं नाही, म्हणून मेट्रन सिस्टरनं तिला आपल्या खोलीत जागा दिली. द्वारका नऊ वर्षांची होती, माझ्याहून वर्षानं लहान. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं पेन्सिल खुरप्यासारखी धरली होती.

म्हणून आईनं तिचा हात धरला, यात काय विशेष? कुणीही धरला असता. दहा वर्षांच्या मुलीलाही हे कळतं. पण तो हात पुढच्या आठवड्यातही सुटला नाही, पुढच्या महिन्यातही नाही. आईची लिहायची एक तऱ्हा होती. शब्दाची अक्षरं आधी उघडीच मांडून घ्यायची, आणि मग वरची रेघ एका दमात ओढायची. ती रेघ शेवटाला किंचित वर जायची. द्वारका शिकली ती तशीच. रेघ ओढताना दोघींचे हात डावीकडून उजवीकडे एकत्र सरकत, आणि आईची हनुवटी द्वारकाच्या तेल लावलेल्या डोक्याला टेके. मी गणितं लवकर संपवून तेच बघत बसायची.

बारा वाजल्यानंतरही ती जात नसे. आई तिचे केस विंचरून द्यायची, ताटात भाकरी वाढायची. द्वारका दिवसभर तिला बाईच म्हणायची.

“बारानंतर ती बाई नसते,” मी तिला एकदा सांगितलं.

“मग काय म्हनू?”

“काही म्हणू नको. घरी जा.”

“घर कुठंय?” तिनं विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं. 

आमच्या क्वार्टर्समधली मुलं एक खेळ खेळत. तो दुसरीकडे कुठे खेळत असतील असं वाटत नाही. पप्पा तपासणीच्या वेळी पेशंटला डोळे मिटायला सांगत आणि कोंबडीच्या पिसानं त्याला ठिकठिकाणी हलकेच स्पर्श करत. जिथं लागलं तिथं पेशंटनं बोट ठेवायचं. आम्ही तेच खेळायचो. एक डॉक्टर, एक पेशंट, एक पीस. पेशंट चुकला की सगळे ओरडायचे, “अॅडमिट! अॅडमिट!” अर्थात कुणी चुकत नसे. मुद्दाम चुकावं लागे.

पावसाळा संपता संपता एका दुपारी मी द्वारकाला पेशंट केलं. सामू झोपला होता. तिनं डोळे मिटले. मी पीस तिच्या कपाळाला लावलं, तिनं कपाळावर बोट ठेवलं. गालाला लावलं, गालावर. डाव्या तळव्याला लावलं तशी ती हसली. मग उजव्या हाताच्या करंगळीवर पीस फिरवलं.

ती डोळे मिटून तशीच बसून राहिली.

मी पुन्हा फिरवलं. करंगळी, तिच्या शेजारच्या बोटाची कड, तळव्याची बाहेरची बाजू.

“लाव ना,” ती म्हणाली. “कवाची बसलेय.”

शेवटी तिनं डोळे उघडले. पीस तिच्या करंगळीवरच होतं. ती पिसाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. करंगळीच्या टोकाला एक जुना फोड वाळत आलेला मला तेव्हा दिसला. चुलीवर भाजलं असणार, आणि तिला पत्ताच नसणार.

बधिर बोटाचा अर्थ आम्हा मुलांना कुणी शिकवावा लागत नव्हता. वॉर्डाच्या दारात आम्ही लहानाचे मोठे झालो होतो.

“एस्तू,” ती म्हणाली, “बाईंना सांगू नको.”

“का? गोळ्या देतील. आता बरं होतं सगळं.”

“व्हईना का. पन मग बाई हात धरनार न्हाईत.” तिनं उजवा हात फ्रॉकच्या घोळात लपवला. “माझ्या आईचा बी आता कुनी धरत न्हाई. शपथ घे.”

आमच्या घरी शपथ घेत नसत. “नाही सांगणार,” मी म्हणाले. आमच्यात तेवढं पुरे असे.

तो बुधवार होता. शनिवारी आईनं फळा पुसता पुसता सांगितलं, “उद्या उपकारस्तुतीचा रविवार. चर्चमध्ये वचन द्वारका लिहील.”

त्या रविवारी पेशंट आणि स्टाफ आपापल्या परड्यातलं काहीतरी चर्चमध्ये आणत. भोपळे, बाजरीची कणसं, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. ते सगळं वेदीपुढे मांडायचं, आणि शेजारच्या फळ्यावर शाळेतल्या एका मुलानं सगळ्यांसमोर वचन लिहायचं. मागची दोन वर्षं मी लिहिलं होतं.

“मी नाही?” मी विचारलं.

“तुझं अक्षर सगळ्यांनी पाहिलंय, एस्तेर. हिच्या आईनं हिचं अक्षर एकदाही पाहिलेलं नाही.”

हे कारण अगदी बरोबर होतं. त्या संध्याकाळी मी कडुनिंबाखाली बसून नुसत्या काड्या मोडल्या. बुधवारपासून ती गोष्ट माझ्याजवळ होती. खिशात चिंचोका असावा तशी मी ती अधूनमधून चाचपून बघत होते. सांगायची नव्हती, पण टाकायचीही नव्हती.

रविवारी चर्च भरलं होतं. डावीकडे स्टाफ, उजवीकडे पेशंट. गिरजा तिसऱ्या बाकावर, बँडेज बांधलेले पाय एकमेकांवर घेऊन, पुढे वाकून बसली होती. पाळकसाहेबांनी खूण केली. द्वारका फळ्यापाशी गेली. आईनं तिला माझा जुना निळा फ्रॉक घातला होता. तिनं खडू उचलला आणि अक्षरं मांडायला सुरुवात केली, उघडी, रेघेशिवाय. मागून कुणीतरी म्हणालं, “अगदी उजागरेबाईंचंच अक्षर की!”

गिरजानं तोंडावर पदर घेतला. माझ्या शेजारी बसलेल्या आईचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा तिनं माझ्याकडे बघून कधी केला होता का, ते मी आठवू लागले, आणि मला आठवेना.

मी उभी राहिले.

“तिच्या करंगळीला कळत नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “मी पीस लावून पाहिलंय. तिलापण झालंय. तिला माहितीये, आणि ती लपवते.”

वेदीपुढची कोंबडी तेवढी फडफडली. द्वारका वळली नाही. खडू फळ्याला तसाच टेकलेला राहिला आणि तिचे खांदे वर वर, कानांपर्यंत गेले. गिरजा बाकावरून उठायला बघत होती आणि तिला उठता येत नव्हतं.

आई उठली. माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यांपुढून बाहेर पडली, फळ्यापाशी गेली आणि द्वारकाच्या मागे उभी राहिली. सगळ्यांच्या देखत तिनं द्वारकाच्या उजव्या मुठीवर आपली मूठ ठेवली. उरलेले तीन शब्द दोघींनी मिळून लिहिले. मग वरची रेघ ओढली, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आईनं हात सोडला नाही. तसाच धरून ती तिला बाजूच्या दारानं बाहेर घेऊन गेली, आणि पप्पा त्यांच्यामागे गेले.

पप्पांनी त्याच दिवशी तपासणी केली. कोपरामागची नस जाड झाली होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अशक्त व्हायला लागलं होतं. डॉक्टरसाहेबांनी तिला दाखल करून घेतलं आणि हात फळीला बांधला. घरी मी मार खायच्या तयारीनं बसले होते. आई आली, हात धुतले, माझं ताट वाढलं.

“खरं बोललीस तू,” ती म्हणाली. “जेव.”

एवढंच. पुढे पन्नास वर्षांत या गोष्टीवर ती माझ्याशी दुसरं वाक्य बोलली नाही.

बाकीचे बोलले. डॉक्टरसाहेबांनी माझी पाठ थोपटली. “उजागरे, तुमच्या मुलीनं वेळेवर पकडलं हो! आणखी दोनेक महिने गेले असते तर हात वाकडा झाला असता.” पप्पांनी ही गोष्ट नातेवाइकांत सांगितली, माझ्या लग्नाच्या जेवणावळीतही सांगितली. ‘एस्तूनं हात वाचवला.’ लोक कौतुकानं बघत. मी दरवेळी मान खाली घालायची, आणि त्याचंही कौतुक व्हायचं.

द्वारका शाळेतून गेली, पण मला हवं होतं ते काही झालं नाही. बाराच्या आमेननंतर आई डबा घेऊन वॉर्डात जायला लागली. फळी सोडल्यावर बोटांना व्यायाम हवा, असं डॉक्टरसाहेब म्हणाले. मग आईनं तो व्यायाम लिहिण्याचाच केला. रोज तासभर, हात धरून. आता मला ते बघताही येत नव्हतं. मी व्हरांड्यात एकटी बसून कल्पनेनं बघायची. ते जास्त वाईट होतं.

त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट मला सांगायला हवी. एका सकाळी मी शुद्धलेखन लिहीत होते. आई सामूचं तपासून माझ्या मागे आली. मला वाटलं, चुका बघतेय. ती गुडघे टेकून बसली. खडू आणि लसणाचा वास आला. मग तिचा हात माझ्या पेन्सिलीवरच्या हातावर येऊन थांबला.

मी झटक्यात हात काढून घेतला. “मला येतं,” मी म्हणाले.

ती क्षणभर तशीच बसली. मग उठली. “हो,” ती म्हणाली. “तुला येतं.”

मार्चमध्ये गिरजा आणि द्वारका दवाखान्यातून गेल्या. पुढच्या वर्षी मी होऊन पप्पांना बोर्डिंगचा फॉर्म मागितला.

*

आई या फेब्रुवारीत गेली. पंच्याऐंशी वर्षांची होती, फार हाल झाले नाहीत. दफन झालं, सामू त्याच्या गावी परतला, आणि मी तिच्या खोलीतली कपाटं आवरत राहिले. सहाव्या दिवशी पोस्टमननं एक पाकीट टाकलं. त्यावर माझं नाव आईच्या अक्षरात होतं.

मी दारातच खाली बसले. ती वरची रेघ. शेवटाला किंचित वर गेलेली.

पाठवणाऱ्याचं नाव मागे होतं. द्वारका. कुठल्याशा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. आईचा आणि तिचा इतकी वर्षं पत्रव्यवहार होता, हे मला त्या पत्रातून कळलं. मी खरं तेच सांगते. मला आधी रडू आलं नाही. साठीच्या बाईच्या पोटात दहा वर्षांच्या मुलीचं ते जुनं जळणं जसंच्या तसं उठलं. माझं अक्षर पप्पांसारखं आहे, तिरकं, घाईचं. आईचं अक्षर तिच्याकडे गेलं होतं.

पुढच्या रविवारी ती स्वतः आली. केस पांढरे, पाठ ताठ, काखेत कापडी पिशवी. मी दार उघडलं तशी म्हणाली, “एस्तू, तू किती बाईंसारखी दिसायला लागलीस!”

मी चहा केला. तिनं कप उजव्या हातानं उचलला. करंगळी थोडी वाकलेली होती, माहीत नसलेल्याच्या लक्षातही आली नसती. मी तिकडे बघतेय हे तिच्या ध्यानात आलं.

“तुझ्यामुळे वाचला,” ती म्हणाली.

“द्वारका, मी तुझ्या भल्यासाठी नव्हतं सांगितलं.”

“ठाऊक आहे की.” तिनं बशीत चहा ओतला. “मी तेव्हाच वॉर्डात बाईंना विचारलं होतं. म्हटलं, एस्तूनं शब्द दिला होता, मग का सांगितलं? मला वाटलं, बाई म्हणतील, तुझ्या काळजीपोटी. सगळे तेच म्हणत होते.”

“मग?”

“खोटं कशाला बोलतील त्या! बाई म्हणाल्या, तिला माझा हात हवा होता गं. ती हुशार म्हणून मी तिला लवकर सोडून दिलं. चूक तिची नाही, माझी आहे.” द्वारका फुंकर घालायची थांबली. “वर म्हणाल्या, मी एकदा धरायला गेले. पण तोवर उशीर झाला होता.”

बाहेर कुणाचा तरी कुकर वाजला. मी उठून खिडकी लावली. ती उघडी राहिली तरी चाललं असतं.

टेबलावर कागद पडले होते. कबरीवरच्या दगडाचा मजकूर पाथरवटानं मागितला होता, मोठ्या अक्षरात, म्हणजे तो तसाच दगडावर उतरवून घेणार होता. मी चार वेळा लिहून पाहिला होता. प्रफुल्ला दानिएल उजागरे. तारखा. आणि खाली, ‘आमची आई’. चारही कागदांवरचं अक्षर दवाखान्याच्या रिपोर्टावरचं वाटत होतं.

“तू लिही,” मी द्वारकाला म्हणाले आणि पेन पुढे केलं.

तिनं कागद पाहिले. पेन घेतलं नाही. “मुलगी तू आहेस.”

“अक्षर तुझ्याजवळ आहे.”

तिनं बशी बाजूला सरकवली. मग उठून माझ्या खुर्चीच्या मागे आली. “बस,” ती म्हणाली. वर्गात बोलून बोलून घडलेला आवाज होता तो. मी कोरा कागद पुढे ओढला आणि पेन टेकवलं. तिचा हात माझ्या हातावर आला. तळवा उबदार होता. वाकलेली करंगळी माझ्या करंगळीवर बसली. माझा हात तिथं आहे हे त्या करंगळीला कळत होतं की नाही, कोण जाणे.

आम्ही नाव लिहिलं. तारखा लिहिल्या. ‘आमची आई’ लिहिलं. तिथं ती थांबली, कारण माझ्या कागदावरचा मजकूर तेवढाच होता.

“आणखी एक ओळ आहे,” मी म्हणाले.

‘आमची आई’च्या खाली मी हात नेला, आणि तिचा हात माझ्याबरोबर आला. आधी अक्षरं मांडली, उघडी, रेघेशिवाय. आमच्या बाई. मग डावीकडून उजवीकडे, सावकाश, आम्ही वरची रेघ ओढली. मी हात काढून घेतला नाही. रेघ शेवटाला किंचित वर गेली.